"गॅस संपलाय" यावर विश्वास ठेवण्याआधी: घरच्या घरी फ्रिजदुरुस्ती

फ्रिज गार करेनासा झाला की कुणीतरी हमखास म्हणतं, "गॅस संपला असेल." पण फ्रिजचा गॅस वापरून संपत नसतो. तो बंद नळ्यांत गोल फिरत राहतो. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, मागच्या जाळीत तो उष्णता टाकून द्रव होतो, मग एका अतिशय बारीक नळीतून पुढे सरकताना त्याचा दाब एकदम पडतो आणि बर्फकप्प्यापाशी पुन्हा वायू होताना तो आतली उष्णता ओढून घेतो. म्हणजे गॅस कमी झाला असेल तर नळीला कुठेतरी गळती आहे. ती न शोधता वरून गॅस भरला, तर थोड्या दिवसांनी पुन्हा तेच रडगाणं.

घरगुती फ्रिजच्या पुष्कळशा तक्रारींचा मात्र त्या नळ्यांशी संबंधच नसतो. दाराचं रबर, तुंबलेली नळी, पंखा, डीफ्रॉस्टचा (साचलेला बर्फ वितळवणारा) हीटर, थर्मोस्टॅट (ठरलेल्या गारव्याला कॉम्प्रेसर थांबवणारा स्विच), कॉम्प्रेसरचा रिले (त्याला सुरू करणारा स्विच) हे सगळे भाग स्क्रू, खाचा आणि प्लगवर बसवलेले असतात. मल्टिमीटर (व्होल्टेज आणि रोध मोजणारं यंत्र) वापरता येत असेल आणि घाई नसेल, तर ते घरी तपासता येतात आणि बदलताही येतात. हद्द एकच पाळायची: ज्यातून गॅस वाहतो त्या नळ्या आणि कॉम्प्रेसरचं पोट यांना हात लावायचा नाही.

पाना हातात घेण्याआधी

वॉरंटी शिल्लक असेल तर फ्रिज उघडू नका, कंपनीला बोलवा. नसेल तर काम सुरू करताना प्लग ओढून काढा. नुसतं बटण बंद करणं पुरेसं नाही. वायरिंग उलटसुलट झालेलं असलं, तर बटण बंद असूनही फ्रिजच्या आत करंट असू शकतो. फ्रिजच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर अर्थिंग आणि आतल्या तारांची तपासणी झाल्याशिवाय तो पुन्हा लावूच नका.

मग माहितीची पाटी शोधा. ती बहुधा आतल्या बाजूच्या भिंतीवर, भाजीच्या ट्रेजवळ किंवा मागे कॉम्प्रेसरपाशी चिकटवलेली असते. तिच्यावर मॉडेल क्रमांक, व्होल्टेज, गॅसचं नाव आणि त्याचं वजन छापलेलं असतं. सुटे भाग मागवताना पूर्ण मॉडेल क्रमांक लागतो, शेवटच्या अक्षरांसकट. गॅसच्या नावाकडेही लक्ष द्या. आर-६००ए म्हणजे आयसोब्युटेन, अगदी ज्वालाग्राही. घरगुती फ्रिजमध्ये तो थोडाच असतो, पण फ्रिजसाठीच्या आयसोब्युटेनला स्वयंपाकाच्या गॅससारखा मुद्दाम घातलेला वास नसतो, त्यामुळे गळती नाकाला कळेलच असं नाही. काम करताना नळीला भोक पडून फस्स आवाज आला, तर कुठलंही बटण चालू-बंद न करता खिडक्या उघडा आणि खोलीबाहेर पडा.

हत्यारं फारशी लागत नाहीत. फुली आणि चपटा स्क्रूड्रायव्हर, टोकदार चिमटा-पक्कड, प्लॅस्टिकची पट्टी, टॉर्च, थर्मामीटर, साधा डिजिटल मल्टिमीटर, जाडसर हातमोजे. आणि फोनचा कॅमेरा. कुठलीही वायर काढण्याआधी फोटो काढायचा. रंग लक्षात राहतील या भरवशावर राहायचं नाही.

आधी निदान

भाग बदलून बघू, लागला तर लागला, ही सर्वांत महागडी पद्धत आहे. त्याऐवजी पेलाभर पाण्यात थर्मामीटर बुडवून तो मधल्या कप्प्यात रात्रभर ठेवा. हवेचं तापमान दार उघडताच बदलतं, पाण्याचं नाही, म्हणून हा खटाटोप. खालच्या भागात ४ अंश सेल्सिअस किंवा त्याहून थोडं कमी आणि फ्रीझरमध्ये उणे १८ च्या आसपास तापमान हवं. कित्येकदा फ्रिज ठीकच असतो. थर्मोस्टॅटचा खटका कुणीतरी फिरवलेला असतो किंवा सामान ठासून भरल्यामुळे हवेची भोकं बुजलेली असतात.

तापमान खरंच चढलं असेल तर कान द्या. आतला दिवाही लागत नसेल, तर आधी त्याच सॉकेटमध्ये दुसरं उपकरण लावून बघा, मग वायर आणि प्लग. दिवा लागतो पण मागून दर काही मिनिटांनी "टक्" एवढाच आवाज येतो आणि कॉम्प्रेसर धरत नाही, तर संशय रिलेवर. कॉम्प्रेसर नीट चालतो, फ्रीझरमध्ये बर्फ होतो, पण खालचा भाग कोमट, तर पंखा किंवा डीफ्रॉस्ट. कॉम्प्रेसर थांबतच नाही आणि सगळीकडेच गारवा अर्धवट, तर जाळी आणि दाराचं रबर पाहायचं. गॅसचं नाव त्यानंतर.

जाळी

मागे काळी जाळी असेल तर ब्रश आणि व्हॅक्यूम क्लीनरने धूळ काढा. काही मॉडेलमध्ये ती खाली असते आणि पुढची पट्टी काढून लांब ब्रश घालावा लागतो. जाळी दिसतच नसेल तर ती बाजूच्या पत्र्यांच्या आत आहे; बाजू गरम लागतात त्या त्यामुळेच, त्यात बिघाड काही नाही. अशा फ्रिजला स्वच्छतेपेक्षा मोकळी हवा लागते, म्हणून भिंतीला चिकटवू नका. जाळीला पंखा असेल तर त्याच्या पात्यांत केस आणि जळमटं अडकलेली असतात, तीही काढा.

दाराचं रबर

कागदाची पट्टी दारात धरून दार लावा आणि पट्टी हळूच ओढा. थोडा अडथळा जाणवला पाहिजे. असं चारही बाजूंनी, दर वीतभर अंतरावर करा. दुसरी युक्ती: खोलीत अंधार करून चालू टॉर्च आत ठेवा आणि दार लावा. जिथून उजेड झिरपतो तिथूनच बाहेरची दमट हवा आत शिरते.

फट दिसली म्हणून लगेच नवं रबर मागवू नका. घड्यांमध्ये चिकट काळी मळी साचलेली असते. कोमट साबणपाणी आणि जुना टूथब्रश घेऊन ती काढा, कोरडं पुसा आणि पुन्हा पट्टी लावून बघा. दार लोंबलंय का तेही पाहा. बिजागरीचे स्क्रू सैल झाले किंवा खालची प्लॅस्टिकची बुश झिजली, की दार तिरकं बसतं आणि दोष रबराला मिळतो. फ्रिजचे पुढचे पाय किंचित उंच ठेवले तर दार आपसूक मिटतं. रबर चपटं झालं असेल, पण फाटलं नसेल, तर हेअर ड्रायरची मध्यम ऊब देऊन ते बोटांनी बाहेर ओढा आणि दार लावून थंड होऊ द्या. बरेचदा एवढ्याने भागतं.

रबर चिरलं असेल, कडक झालं असेल किंवा आतली चुंबकाची पट्टी तुटली असेल, तर मात्र बदलायलाच हवं.

१. आतली कड बोटाने उचलून रबर कसं धरलंय ते बघा. बऱ्याच फ्रिजमध्ये ते खाचेत दाबून बसवलेलं असतं आणि कोपऱ्यापासून ओढलं की सुटतं. जुन्या मॉडेलमध्ये कडेखाली स्क्रूंची रांग असते.

२. स्क्रू असतील तर सगळे काढू नका, फक्त सैल करा. तेच स्क्रू दाराचं आतलं प्लॅस्टिकही धरून असतात. सगळे निघाले की दार पिळवटतं आणि मग सरळ बसता बसत नाही.

३. नवं रबर घडी घालून आलेलं असतं. ते गरम पाण्यात काही मिनिटं बुडवा, बाहेर काढून सपाट पसरवा, वळ्या जाऊ द्या. हा टप्पा टाळला तर वळ्यांच्या जागी फटी राहतात.

४. खाच पुसून घ्या. आधी वरचे दोन कोपरे बसवा, मग खालचे दोन, आणि त्यानंतर कोपऱ्यांकडून मध्याकडे दाबत या. एका टोकापासून सुरुवात करून पुढेपुढे गेलात, तर शेवटच्या कोपऱ्यात रबर ताणलं तरी जातं किंवा उरतं तरी.

५. बिजागरीच्या बाजूला व्हॅसलीनचा पातळ हात फिरवा, म्हणजे दार मिटताना रबर गुंडाळलं जात नाही.

६. दार लावून काही तास तसंच ठेवा आणि पुन्हा कागदाची पट्टी लावून बघा. कोपरा अजून उघडा असेल तर तिथे ड्रायरची ऊब द्या.

मॉडेलचं रबर मिळत नसेल तर खाच ते खाच माप घ्या आणि जुन्या रबराचा बोटभर तुकडा कापून नमुना म्हणून सोबत न्या. लांबी-रुंदी जुळूनही कडेचा आकार वेगळा निघाला, तर ते खाचेत बसणार नाही.

तळाशी पाणी

भाजीच्या ट्रेखाली साचणारं पाणी बहुतेक वेळा वितळलेल्या बर्फाचं असतं. ते मागच्या भिंतीतल्या छोट्या भोकातून नळीने कॉम्प्रेसरवरच्या पसरट भांड्यात पडतं आणि तिथल्या उष्णतेने उडून जातं. भोक तुंबलं की पाणी आत फिरतं. मोठ्या सिरिंजने कोमट पाणी सोडा, मऊ प्लॅस्टिकची पट्टी किंवा बारीक नळी आत फिरवा. तार घालू नका, नळी फाटते. मागच्या भांड्यात थेंब पडल्याचा आवाज आला की वाट मोकळी झाली. फ्रॉस्ट-फ्री, म्हणजे स्वतःच बर्फ वितळवणाऱ्या फ्रिजमध्ये हे भोक बर्फानेच बुजत असेल, तर पुढचा भाग वाचा.

बर्फकप्पा आणि डीफ्रॉस्ट

एकदारी, साध्या फ्रिजमध्ये बर्फ आपणच वितळवायचा असतो. तो चाकूने किंवा स्क्रूड्रायव्हरने खरवडू नका. त्या पातळ अॅल्युमिनियमच्या पत्र्यातच गॅसची वाट असते आणि तिला भोक पडलं की बिनखर्चाचं काम एकदम सर्वांत खर्चिक होतं. प्लग काढा, दार उघडं ठेवा, आत गरम पाण्याचं भांडं ठेवा. घाई असेल तर समोर टेबलफॅन लावा.

फ्रॉस्ट-फ्री फ्रिज हे काम स्वतः करतो. ठरावीक काळाने कॉम्प्रेसर थांबतो, फ्रीझरच्या मागच्या पडद्याआड दडलेल्या कॉइलखालचा हीटर लागतो आणि साचलेलं हिमाचं पांघरूण वितळतं. या साखळीतला एक भाग जरी गेला, तरी कॉइल बर्फात गाडली जाते, पंख्याची हवा अडते आणि खालचा कप्पा कोमट होतो. वर बर्फ होतोय, खाली सामान खराब होतंय, असं सांगणाऱ्या बहुतेक फ्रिजचा घोटाळा हाच.

खात्री करायची सोपी रीत: फ्रिज रिकामा करून प्लग काढा, दारं पूर्ण एक दिवस उघडी ठेवा, खाली फडकी अंथरा. पुन्हा चालू केल्यावर तो काही दिवस छान चालला आणि मग हळूहळू पुन्हा तीच रड सुरू झाली, तर डीफ्रॉस्टच बिघडलंय.

त्याआधी कॉइल पाहायला मिळाली तर उत्तम. प्लग काढून फ्रीझरचा मागचा प्लॅस्टिकचा पडदा सोडवा; बर्फाने धरला असेल तर ओढाताण करू नका, थोडं वितळू द्या. आता नीट बघा. सगळी कॉइल वरपासून खालपर्यंत जाड पांढऱ्या थराने झाकलेली असेल, तर गॅस ठीक आहे आणि दोष डीफ्रॉस्टचा. सुरुवातीच्या एक-दोन वेटोळ्यांवरच बर्फ, बाकीची कॉइल कोरडी, तर गॅस कमी असण्याची शक्यता मोठी. मग पडदा परत लावा, पुढचं काम मेकॅनिकचं. या एका नजरेतून जितकं कळतं तितकं दुसऱ्या कशातून कळत नाही.

डीफ्रॉस्टचे भाग मल्टिमीटरने एकेक करून तपासा, दोन्ही टोकं सोडवून. हीटरचा रोध त्याच्या वॅटवरून काढता येतो: व्होल्टेजचा वर्ग भागिले वॅट. २३० व्होल्टवर चालणारा १५० वॅटचा हीटर साधारण ३५० ओम दाखवतो. मीटर अनंत दाखवत असेल तर तो तुटलाय. थर्मल फ्यूज, म्हणजे फार तापलं तर हीटरचा पुरवठा कायमचा तोडणारा तुकडा, जवळपास शून्य ओम दाखवायला हवा. तिसरा भाग बायमेटल, कॉइलला चिकटवलेली छोटी गोल डबी. ती गारठल्यावर जोडली जाते आणि ऊब लागली की सुटते. म्हणून खोलीच्या तापमानाला ती उघडी दाखवते (मीटरवर अनंत), त्यावरून तिला बाद करू नका. बर्फाच्या पाण्यात बुडवूनही बरेचदा फसगत होते, कारण ते शून्य अंशावर असतं आणि पुष्कळ बायमेटल त्याहून बरेच खाली गेल्यावरच जोडले जातात. चुरलेल्या बर्फात मीठ मिसळा, डबी प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून त्यात खुपसा आणि मग मोजा.

जुन्या मॉडेलमध्ये फिरणारा टायमर असतो. त्याची खाच स्क्रूड्रायव्हरने हळू फिरवली की एका ठिकाणी "टक्" होऊन कॉम्प्रेसर थांबतो आणि हीटर लागतो. तिथेच सोडून द्या. तासाभरातही कॉम्प्रेसर आपोआप परत आला नाही, तर टायमरची मोटार गेली. नव्या फ्रिजमध्ये हे काम इलेक्ट्रॉनिक बोर्ड करतो आणि कॉइलवर बायमेटलऐवजी सेन्सर असतो. बहुतेक सेन्सरचा रोध गारठल्यावर वाढतो. तो खोलीत एकदा आणि बर्फाच्या पाण्यात एकदा मोजा. आकडा जागचा हललाच नाही तर सेन्सर मेला.

भाग बदलताना हातमोजे घाला, कॉइलच्या पातळ पट्ट्या ब्लेडसारख्या कापतात. हीटर काचेच्या नळीचा असेल तर ती उघड्या बोटांनी धरू नका, फडक्याने धरा. जोड द्यावे लागले तर नुसती चिकटपट्टी इथे टिकत नाही. दाबून बसवायचे कनेक्टर आणि वरून उष्णतेने आवळणारी नळी वापरा, कारण ही जागा कायम ओली असते. फ्यूज आणि बायमेटल त्याच रेटिंगचे घ्या. फ्यूज सापडत नाही म्हणून तार जोडून टाकण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. हीटर थांबवणारं दुसरं काही राहत नाही आणि आजूबाजूला सगळं प्लॅस्टिक आहे.

पडदा काढलेलाच आहे तर पंखाही बघून घ्या. पातं बोटाने सहज फिरलं पाहिजे. काढताना त्याची दिशा लक्षात ठेवा, उलटं बसवलं तर हवा भलतीकडे जाते. बऱ्याच मॉडेलमध्ये दार उघडलं की हा पंखा थांबतो. दाराचा स्विच बोटाने दाबून तो लागतो का पाहा. स्विचच अडकला असेल तर पंखा विनाकारण बदलला जातो.

थर्मोस्टॅट

फिरत्या खटक्याच्या थर्मोस्टॅटमधून एक बारीक धातूची नळी निघते, तिचं टोक बर्फकप्प्याला टेकलेलं असतं. प्लग काढून, वायरी सोडवून, खटका बंदवरून चालूवर नेला की मीटरने जोड, म्हणजे जवळपास शून्य ओम, दाखवायला हवा. मात्र त्या वेळी नळी गारठलेली नको, नाहीतर चांगला थर्मोस्टॅटही उघडा दिसेल. नवा बसवताना त्या नळीला तीव्र घडी पाडू नका आणि टोक होतं तिथेच, तेवढंच आत न्या. दोन बोटं इकडेतिकडे झालं तरी फ्रिज एकतर थांबत नाही किंवा लवकर थांबतो.

रिले आणि ओव्हरलोड

मागे खाली कॉम्प्रेसरच्या कुशीत प्लॅस्टिकचं झाकण असतं, तारेच्या क्लिपने धरलेलं. आत दोन तुकडे: पीटीसी रिले (तापल्यावर रोध वाढणाऱ्या चकतीचा, कॉम्प्रेसर सुरू करणारा) आणि ओव्हरलोड (कॉम्प्रेसर फार तापला की पुरवठा तोडणारा). "टक्... टक्" करणाऱ्या फ्रिजमध्ये आधी हे पाहायचे. सोबत कपॅसिटर (वीज साठवणारा भाग) असेल तर त्यात चार्ज साठलेला असू शकतो. त्याची टोकं मोठ्या रोधातून मोकळी करून मगच हात घाला. रिले पिनांवरून सरळ बाहेर ओढा, डावीउजवीकडे हलवत उपटू नका. त्या तीन पिना काचेच्या सीलमधून बाहेर आलेल्या असतात. काच तडकली की तिथूनच गॅस जातो.

रिले कानाशी धरून हलवा. आतली चकती फुटली असेल तर ती खुळखुळते. जळकट वास, करपलेला डाग, तपकिरी भुगा हे सगळे पुरावेच. चांगला पीटीसी खोलीच्या तापमानाला थोडेच ओम दाखवतो, ओव्हरलोड जवळपास शून्य. आता कॉम्प्रेसरच्या तिन्ही पिना आपापसांत मोजा. सर्वांत मोठा आकडा हा उरलेल्या दोन आकड्यांच्या बेरजेइतका यायला हवा, आणि कुठल्याही पिनेपासून कॉम्प्रेसरच्या खरवडलेल्या पत्र्यापर्यंत जोड दिसता कामा नये. हे जुळलं तर गुंडाळी शाबूत आहे, रिले बदलून पाहायला हरकत नाही. नवा रिले कॉम्प्रेसरच्या क्रमांकाशी जुळवून घ्या.

एक अपवाद. कॉम्प्रेसर इन्व्हर्टर (बोर्डाच्या मदतीने वेग कमी-जास्त करणारा) असेल तर यातलं काहीच लागू पडत नाही. त्याच्या तिन्ही पिनांमधले आकडे सारखे येतात, रिले नसतो, आणि त्याच्या बोर्डावरच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही ३०० व्होल्टहून जास्त दाब राहू शकतो. तो बोर्ड उघडू नका.

काम झाल्यावर लगेच चालू-बंद करून बघण्याचा मोह होतो, तो आवरा. बंद केल्यावर नळ्यांतला दाब सारखा व्हायला निदान पाच मिनिटं द्या, नाहीतर चांगला कॉम्प्रेसरही अडतो आणि नव्या रिलेवरच संशय येतो. फ्रिज आडवा केला असेल तर उभा करून काही तास थांबा, म्हणजे तेल परत कॉम्प्रेसरमध्ये उतरतं. मग रिकाम्या फ्रिजचं तापमान दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच पेल्यातल्या थर्मामीटरवर बघा.

मेकॅनिकला बोलवायची वेळ आलीच तर

कॉइल अर्धीच गारठते, मागची जाळी कोमटही होत नाही, नळीच्या जोडावर तेलकट डाग आहे, किंवा कॉम्प्रेसरची पिन पत्र्याशी जोड दाखवते, या खुणा असतील तर घरचं काम संपलं. पाटीवर आर-१३४ए असेल, तर हा गॅस हवेत सोडल्यावर शंभर वर्षांच्या हिशेबात तितक्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटींहून जास्त उष्णता अडवतो, म्हणून तो बाहेर सोडून देणाऱ्याला काम देऊ नका. बोलवताना तुम्ही काय काय तपासलं आणि कुठले आकडे आले ते सांगा, आणि चार गोष्टी आधीच विचारून घ्या: गळती शोधून बंद करणार का, फिल्टर-ड्रायर (नळीतला ओलावा आणि कचरा अडवणारा भाग) नवा घालणार का, गॅस भरण्याआधी नळ्यांतली हवा काढायला व्हॅक्यूम पंप लावणार का, आणि गॅस पाटीवरच्या वजनाप्रमाणे काट्यावर तोलून भरणार का. आर-६००ए असेल तर पाचवी: नळ्या जोडताना उघडी ज्योत वापरणार का? "हो, त्यात काय" असं उत्तर आलं, तर दुसरा मेकॅनिक शोधा.